दोन गोल डाग

"टॉवेल कुठाय?"

पलंगावर उघड्या अंगानं बसलेल्या कंत्राटदारांनी आधी सिस्टरांकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग छताकडे. छताकडून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"सिस्टर, माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे. आंघोळ मी घरून करून आलोय."

"आंघोळीचा नाही विचारत. मलम लावल्यावर अंगाखाली घेतलात तो. जुना, रंगीत. येताना आणायला सांगितला होता."

"हां, तो. तो धुवायला टाकलाय."

"धुवा नाहीतर उकळा. त्या मलमानं उडालेला रंग परत येत नाही. बाई, तुम्ही सांगा, कुठं कुठं उडालाय?"

बाई बहुधा लग्न झाल्यापासून या प्रश्नाची वाट बघत होत्या. "उडतोय कशाला? टॉवेल कोराच्या कोरा आहे. ट्यूबचं झाकणसुद्धा फिरवलेलं नाही. मी म्हटलं, मागं हात पुरत नाही तुमचा, मी लावते. तर म्हणाले, मी काय तोंडावर पुटकुळ्या आलेला कॉलेजकुमार आहे?"

"ते बरोबरच बोलले," सिस्टर म्हणाल्या. "पुटकुळ्यांचंच मलम आहे ते. शर्ट घाला, साहेब. घरी जा. नवी तारीख कळवू."

कंत्राटदार तापले. त्यांनी वरपर्यंतच्या ओळखी काढल्या, मग खालपर्यंतच्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणाले. मोठे डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरांना एवढंच विचारलं, "टॉवेल बघितला?"

"नाही."

"मग मी कशाला आलोय इथं?" असं म्हणून ते निघून गेले.

त्या इस्पितळात हा रिवाजच होता. मलम डॉक्टरांनी सुरू केलं, टॉवेल सिस्टरांनी. माणसाच्या खांद्याच्या कातडीत, केसांच्या मुळाशी, एक जंतू राहतो. सगळ्यांच्याच राहतो, स्वच्छ माणसाच्याही आणि गबाळ्याच्याही. तिथं असेपर्यंत तो गरीब भाडेकरू. त्रास नाही, आवाज नाही. पण खांद्यात नवा धातूचा सांधा बसवताना तो एकदा आत उतरला, की त्या नव्या घरातून हलत नाही. ताप आणत नाही, पू करत नाही. नुसता बसतो, आणि चांगला चाललेला खांदा हळूहळू लाकूड होतो. वरवरच्या घासण्यानं तो मरत नाही, कारण तो वर राहतच नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी तीन दिवस ते मलम लावायचं. खांद्याला पुढून, मागून, आणि काखेत. मलम कातडीत मुरतं, भाडेकरू बरेचसे कमी होतात. सगळे जात नाहीत. मग थिएटरमध्ये उरलेली कामं: केस वस्तऱ्यानं न काढता मशीननं कापायचे, जंतुनाशकानं दोनदा धुवायचं, काखेवर चिकटपट्टी, आणि कातडी कापलेली सुरी बाजूला टाकून आतल्या कामाला नवी.

बाकीची कामं इस्पितळाच्या हातात. मलम मात्र पेशंटच्या घरात. आणि "लावलंत का?" असं विचारलं तर नाही म्हणणारा पेशंट सिस्टरांना आयुष्यात भेटला नव्हता. माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात ती फसवायला नव्हे, शाळेतल्या सवयीनं. मग एकदा एक आजोबा तक्रार घेऊन आले की तुमच्या औषधानं आमच्या उशीच्या अभ्र्याची वाट लागली, चॉकलेटी होता तो ठिकठिकाणी पिवळट झाला. आजोबांना वाटलं सिस्टर माफी मागतील. सिस्टरांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून रंगीत टॉवेल आणायचा, आणि त्यावरच्या डागांनी साक्ष द्यायची.

या साक्षीत त्या तरबेज झाल्या. खांद्याचा डाग रुंद आणि फराटा असलेला, काखेचा चुरगळलेला, मागच्या बाजूचा पुसट, कारण तिथं हात नीट पुरत नाही. घरात कोण कोणाशी बोलतं तेही त्यावरून कळायचं. ज्याचा मागचा डाग भरघोस, त्याची बायको नाहीतर सून चांगली. पेशंट त्यांना मागून टॉवेलवाली म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आता गोष्ट त्यांच्या भावाची.

भाऊ शिंपी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकान इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर: पुढे काच, काचेत एक बिनडोक्याचा पुतळा, आत कटिंगचं लांब टेबल, मागच्या खोलीत संसार. वडील लवकर गेल्यावर मास्तरांनी शाळा सोडून कात्री धरली आणि धाकट्या बहिणीला नर्सिंग शिकवलं. तिचा पहिला पांढरा गणवेश त्यांनीच शिवला आणि खांद्यात मुद्दाम सैल ठेवला. "पेशंट उचलावे लागतील," म्हणाले. या गोष्टीचा त्यांनी नंतर कधी उच्चार केला नाही, म्हणून ती फिटायची राहिली. उपकार बोलून दाखवणारा माणूस परवडतो. त्याचं अर्धं देणं ऐकून घेण्यातच चुकतं होतं.

आयुष्यभर जड कात्री आणि त्याहून जड इस्त्री चालवून मास्तरांचा उजवा खांदा झिजला. रात्री कुशीवर वळता येईना, टेप गळ्यात टाकायला वहिनी लागू लागल्या. सांधा बदलायचा ठरला. मोठ्या डॉक्टरांच्या तारखा लांबलांबच्या. सिस्टरांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच स्वतःसाठी शब्द टाकला आणि तारीख अलीकडे आली. मलमाची ट्यूब घेऊन त्या स्वतः दुकानात गेल्या.

"दादा, हे आजपासून. सकाळ-संध्याकाळ. पुढून, मागून, काखेत."

"काखेतसुद्धा? मग गुदगुल्यांचं बिल कोणाला लावायचं?"

"वहिनी, तुम्ही लावून द्या हो. याचं काही खरं नाही."

वहिनी मशीनवर होत्या. मांडीवरून जमिनीपर्यंत कुठल्याशा हॉटेलचे मरून पडदे सांडले होते. "देईन ना, वन्सं. माझं कधी ऐकलंय का यांनी? तुमचं ऐकतील."

"आणि कपड्याला लागू देऊ नका, रंग जातो," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी कच्च्या शिलाईतला गडद निळा कोट टेबलावरून उचलून पलीकडे ठेवला. "कळलं. आणि टॉवेल घेऊन यायचं, सरकार. तुझ्या टॉवेलाच्या गोष्टी जेवताना ऐकून ऐकून कान किटलेत."

"तुला पण दाखवावा लागेल."

"मला? मी सख्खा भाऊ तुझा."

"खांद्याला नातं कळत नाही."

हे वाक्य त्या सगळ्याच पेशंटना ऐकवत, घरी मलम लावायला माणसं लाजतात म्हणून. त्या दिवशी ते म्हणून झालं आणि सगळे हसले.

दाखल व्हायच्या सकाळी मास्तर नवा पांढरा सदरा घालून आले. "घे, ठमे," म्हणून त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला. ठमी हे सिस्टरांचं लहानपणचं नाव, ते घेणारं माणूस एवढं एकच उरलेलं. टॉवेल हिरवा, जुना, नीट घडी घातलेला. सिस्टरांनी घडी उलगडली. मधोमध दोन पिवळट डाग होते. दोन्ही गोल. दोन्ही सारख्या आकाराचे, कडा स्वच्छ, काजाच्या खुणा कराव्यात तसे एका रेषेत.

सिस्टर बघत राहिल्या. असे डाग त्यांनी कधी पाहिले नव्हते. अंगावरून टॉवेलवर उतरलेला डाग फरफटतो, चुरगळतो, अर्धा राहतो. हे डाग फरफटलेले नव्हते. हे बसवलेले होते.

"काय गं? नापास का?" मास्तर म्हणाले.

वहिनी पिशवीचा बंद चाळवत होत्या.

बोलायला श्वास घेतला तेवढ्या वेळात सिस्टरांच्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं. टाकलेला शब्द. अलीकडे आलेली तारीख, आणि ती मिळाली म्हणून मागे गेलेलं कुणीतरी. दुकानाच्या काचेवर लावलेली 'दुकान बंद राहील' अशी पाटी. डॉक्टरांसमोर उभं राहून सांगायचं की सगळ्यांना दटावणारी मी, माझ्या घरात मलम लावलं गेलं नाही. आणि मग वाटलं, असेलही. शिंपी माणूस आहे. जपून पुसलं असेल.

"तुझे डागसुद्धा मापात, दादा," त्या म्हणाल्या.

शेजारचा पेशंट हसला, वहिनी हसल्या. मास्तर सगळ्यांत शेवटी हसले.

थिएटरच्या दाराशी डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "टॉवेल बघितला?"

"बघितला."

ते खोटं नव्हतं.

पहिले काही महिने सगळं सोन्यासारखं. मास्तर व्यायाम करत, बोटांनी भिंत चढत, आणि एक दिवस दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातानं टेप गळ्यात टाकला. समोरचा चहावाला टाळ्या वाजवायला बाहेर आला. इस्पितळातही नवीन पेशंट घाबरला की सिस्टर सांगत, "पुढच्या गल्लीत माझा भाऊ आहे, जाऊन बघून या."

मग खांदा परत जड झाला. आधी सकाळी, मग दिवसभर. जखम छान भरलेली, ताप नाही, लाली नाही, फोटोत सांधा जागच्या जागी. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, काका व्यायाम चुकवतात. वहिनी म्हणाल्या, थंडी आहे. मास्तर म्हणाले, वय आहे. हात खांद्याच्या रेषेपर्यंत जायचा तो खाली खाली येत चालला, तरी प्रत्येकाकडे त्याचं एक कारण होतं. सिस्टरांकडेही होतं, पण त्या ते कोणाला सांगत नव्हत्या. त्यांनी भावाला हाताला धरून डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं.

"दोन आठवडे ठेवायला सांगा त्यांना," ते म्हणाले. "हा आळशी जंतू आहे. लवकर उगवत नाही."

पहिला आठवडा काही आलं नाही. मास्तर म्हणाले, "बघ, काही नाही." सिस्टर हो म्हणाल्या. दुसरा आठवडा संपत आला तेव्हा प्रयोगशाळेतून फोन आला. उगवला होता.

त्या संध्याकाळी सिस्टर दुकानात गेल्या. मास्तर स्टुलावर, उजवा हात मांडीत ठेवलेला, एखाद्याचा सांभाळायला दिलेला असावा तसा. वहिनी काज करत होत्या. सिस्टरांनी बातमी सांगितली, सांधा काढावा लागेल हेही सांगितलं.

"लावलंच नव्हतंस का?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी लावलं," मास्तर म्हणाले. "हात धुतले, साबणानं, चांगले घासून. आणि कोट घेतला. सकाळी बघतो तर बाहीवर बोट उमटलेलं. निळ्यावर तांबूस. अख्खी बाही नवी कापली. उरलेलं कापड तेवढंच होतं. परत लागलं असतं तर काय तोंड दाखवणार होतो गिऱ्हाइकाला? बंद ठेवायच्या आधी दिलेलं काम पुरं व्हायला नको?"

"वहिनींनी लावलं असतं."

"माझ्या मांडीवर पडदे होते, वन्सं," वहिनी खाली मान घालून म्हणाल्या. "मरून. मी म्हटलं होतं, एवढं शिवून होऊ दे, मग लावते. ते होईतो तुमचे तीन दिवस झाले."

"आणि टॉवेल?"

मास्तरांनी डाव्या हाताच्या नखानं टेबलावरचा खडू खरवडला. "ट्यूबचं झाकण गोल असतं ना. त्यात मलम घेतलं आणि उपडं दाबलं. दोनदा. एक खांद्याचा, एक काखेचा." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला वाटलं, तू पकडशील. पकडलंस की खरं सांगून टाकू, असं ठरवलं होतं आम्ही. हिला विचार. तू हसलीस. मग म्हटलं, एवढं काही महत्त्वाचं नसेल."

वहिनींची सुई थांबली होती.

"पकडलं होतं, दादा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं.

"तारीख गेली असती," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ती सोय त्या घरात कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"लावलं असतं तरी झालं असतं कदाचित, सिस्टर. मलमानं कमी होतात, संपत नाहीत. नीट लावलेल्यांनाही होतं एखाद्याला. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही."

"आणि नाही झालं, असं?"

"तेही म्हणू शकत नाही." चष्मा परत डोळ्यांवर गेला. "मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी रविवारी येऊन केलं असतं. तुमचा भाऊ होता. एवढं तुम्ही मागायला हरकत नव्हती."

सिस्टरांना हे सुचलंच नव्हतं. एकदा शब्द टाकला की आपली मागणी संपली, असं धरून चालणारी माणसं असतात. ती दुसऱ्याच्या चांगुलपणाचा अंदाज कायम कमी लावतात, आणि त्याला स्वाभिमान म्हणतात.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी मलम सिस्टरांनी लावलं. कामावर जाताना आणि येताना. मागच्या खोलीत मास्तर स्टुलावर पाठमोरे बसत, जेवढा वर जाईल तेवढा हात वर करत, आणि त्या उघड्या बोटांनी जुन्या व्रणाभोवती, मागे फऱ्यापर्यंत, मग काखेत मलम जिरवत. गडद कापड सगळं कपाटात बंद. गिऱ्हाइकांना पलीकडच्या गल्लीतला शिंपी सुचवला होता. मास्तरांना गुदगुल्या होत नव्हत्या.

"मागं नीट लाव," एवढंच ते म्हणत. "तिथं राहतं."

सांधा काढला, आत सगळं धुतलं, मोठ्या औषधांचा लांब पल्ला झाला, मग परत नवा बसवला. जंतू गेला. पण तीनदा उघडलेल्या खांद्यात काही स्नायू उरले, काही नाही. हात छातीपर्यंत येतो, तिथं थांबतो. डॉक्टर म्हणाले, यापुढं आशा ठेवू नका. मास्तरांनी त्यांचे आभार मानले.

टॉवेल बघायचा रिवाज चालू राहिला. फक्त सिस्टर आता डाग बघून हसत नाहीत, आणि कोणाला घरी पाठवताना आवाज चढवत नाहीत. "नवी तारीख मी स्वतः मागून घेते," म्हणतात. आणि घेतात.

दुकान उघडलं आहे. कापतात वहिनी. मास्तर डाव्या हातानं खडूच्या रेघा मारून देतात आणि कात्रीकडे न बघता बोलत राहतात, "सरळ... सरळ... आता वळ." उंच गिऱ्हाईक आलं की स्टूल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बसा साहेब, आमच्याकडे खांद्याचं माप बसूनच घेतात." गिऱ्हाइकाला ती या दुकानाची खास पद्धत वाटते.

परवा सिस्टर पहाटपाळी संपवून चहाला थांबल्या, तर मास्तरांनी खुंटीवरचा निळा कोट काढायला सांगितला.

"हा अजून इथंच?"

"माणूस आलाच नाही न्यायला," वहिनी म्हणाल्या. "बदली झाली म्हणतात."

"पहाटे कुडकुडत जातेस," मास्तर म्हणाले. "बस. माप घेतो."

"मला काय करायचाय पुरुषी कोट?"

"बस म्हटलं ना, ठमे."

त्या स्टुलावर बसल्या. वहिनींनी टेबलावरचा खडू पुसला, हिरव्या टॉवेलनं. त्याच्यावर आता पिवळट फराटे होते, रुंद, चुरगळलेले, एकमेकांवर चढलेले. त्या सगळ्या पसाऱ्यातून दोन गोल डाग अजून निराळे दिसत होते. वहिनींनी तो घडी करून ठेवला.

मास्तरांनी मागे उभं राहून टेपचं टोक सिस्टरांच्या डाव्या खांद्यावर दाबून धरलं. उजव्या हातात टेप पुढं ओढून धरण्याएवढी ताकद नव्हती. सिस्टरांनी न सांगता उरलेला टेप हातात घेतला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यापर्यंत ओढून धरला.

"ताणू नकोस. सरळ बस."

त्या सरळ बसल्या.

"पहिल्या गणवेशाला साडेपंधरा होता," मास्तर आकडा वाचत म्हणाले. "आता साडेचौदा." मग टेबलावरच्या कोटाकडे बघून, जरा विचार करून, वहिनींना म्हणाले, "खांद्यात बरंच कमी करावं लागेल."